टॉम अँड जेरी कुणाचे? कार्टूनच्या श्रेयाची ओळ नीट छापावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बालदिन जवळ आला किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की मराठी पुरवण्यांमध्ये जुन्या कार्टून मालिकांवर लेख येतात. ते आम्ही आवडीने वाचतो. पण ‘हॅना-बार्बेरा स्टुडिओची टॉम अँड जेरी’ आणि ‘कार्टून नेटवर्कने बनवलेला स्कूबी डू’ ही दोन विधाने त्यांत पुन्हा पुन्हा दिसतात आणि दोन्ही चुकीची आहेत. वॉर्नर ब्रदर्सची मालकी पुन्हा बदलण्याच्या बातम्या सुरू झाल्यापासून तर जुनी झाडून सगळी कार्टून ‘वॉर्नरची निर्मिती’ म्हणून छापली जाऊ लागली आहेत. ज्यांनी आयुष्यभर बोटे झिजवून ही चित्रे काढली त्यांच्यावर हा अन्याय आहे. शिवाय पुण्यात शाळा, सोसायट्या आणि गणेश मंडळे ही पात्रे सर्रास वापरतात, त्यांचीही यातून दिशाभूल होते. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी सविस्तर लिहीत आहोत.

कोणत्याही जुन्या कार्टूनबद्दल तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायला हव्यात. ते काढले कुणी? त्या फिल्मचा हक्क आज कुणाकडे आहे? आणि त्यातल्या पात्राचा हक्क कुणाकडे आहे? तिन्हींचे उत्तर एकच असेल असे धरून चालले की घोटाळा होतो.

टॉम अँड जेरीचेच घ्या. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ही जोडी १९४० साली एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओच्या कार्टून विभागात, पगारी नोकरीत असताना निर्माण केली. १९५८पर्यंत त्यांच्या दिग्दर्शनाखालच्या ११४ फिल्म आल्या आणि त्यांतल्या सात फिल्मना ऑस्कर मिळाले. व्यासपीठावर जाऊन ती ऑस्कर घेत असत निर्माते फ्रेड क्विम्बी. जुन्या फिल्म पुन्हा थिएटरला लावल्या तरी जवळपास नव्याइतकेच उत्पन्न येते, हे लक्षात आल्यावर एमजीएमने १९५७मध्ये विभागच बंद केला. त्यानंतर, म्हणजे टॉम अँड जेरी हातातून गेल्यावर, या दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. नाव आधी कुणाचे लावायचे हे नाणे उडवून ठरले. त्यामुळे हॅना-बार्बेरा ही माणसे टॉम अँड जेरीची जन्मदाती खरी, पण हॅना-बार्बेरा हा स्टुडिओ त्या मूळ फिल्मचा निर्माता नाही. पुढे १९६१-६२मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ आणि १९६३ ते ६७ या काळात चक जोन्स यांनी ३४ फिल्म केल्या. त्या लगेच ओळखू येतात. डाइचच्या फिल्ममध्ये आवाज घुमल्यासारखे येतात आणि हालचाल तुटक असते, तर जोन्सच्या टॉमच्या भुवया जाड आणि गाल फुगीर असतात. या सगळ्या फिल्म आज एकाच नावाखाली, एकाच चॅनेलवर, एकापाठोपाठ एक लागतात. बघणाऱ्याला वाटते, कधी चांगले जमले, कधी फसले. प्रत्यक्षात ती तीन वेगळ्या चमूंची कामे आहेत.

आता मालकीकडे वळू. अमेरिकी टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांनी १९८६मध्ये एमजीएम विकत घेतली, कर्ज डोईजड झाल्यावर स्टुडिओ परत विकला, पण जुन्या फिल्मचा साठा स्वतःकडेच ठेवला. टॉम अँड जेरी त्या साठ्यातून टर्नरकडे आले. हॅना-बार्बेरा स्टुडिओचा प्रवास निराळा आहे. १९६६च्या अखेरीस तो टॅफ्ट ब्रॉडकास्टिंगला सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरना विकला गेला. टॅफ्टचे १९८७मध्ये ‘ग्रेट अमेरिकन’ झाले आणि १९९१मध्ये टर्नरने एका भागीदाराबरोबर तो सुमारे ३२ कोटी डॉलरना घेतला. पाच वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या व्यवहारांतून, हॅना आणि बार्बेरा यांचे आधीचे आणि नंतरचे काम एका छपराखाली आले ते असे. त्या साठ्याच्या जोरावरच १ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू झाले आणि १९९५मध्ये ते भारतात आले. चॅनेल सुरू झाले तेव्हा हॅना-बार्बेराने काढलेला स्कूबी डू २३ वर्षांचा होता, फ्लिंटस्टोन्स ३२ वर्षांचे. कोपऱ्यातला काळा-पांढरा चौकोनी लोगो दाखवणाऱ्याचा आहे, काढणाऱ्याचा नव्हे.

१९९६मध्ये टाइम वॉर्नरने टर्नरची कंपनी घेतली. २००१मध्ये हॅना यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांचा स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्स ॲनिमेशनमध्ये विलीन झाला. २०१८मध्ये टाइम वॉर्नर एटी अँड टी या दूरसंचार कंपनीकडे गेली, एप्रिल २०२२मध्ये डिस्कव्हरीशी विलीन होऊन वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी झाली. गंमत अशी की बंद झालेले हे नाव पुन्हा बाहेर काढण्यात आले. २०२१मध्ये कार्टून नेटवर्कच्या लंडनमधल्या स्टुडिओला ‘हॅना-बार्बेरा स्टुडिओज युरोप’ असे नाव दिले गेले. ‘गम्बॉल’ या कार्टून मालिकेचे नवे भाग त्या नावाने येतात. तो स्टुडिओ उत्तम काम करतो, पण मूळ संस्थेतून तो निघालेला नाही. पुढच्या पिढीतला एखादा लेखक ‘फ्लिंटस्टोन्सच्या निर्मात्यांचा गम्बॉल’ असे लिहील, ही आमची भीती आहे.

बग्ज बनीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. वॉर्नर ब्रदर्सने १९५६मध्ये ऑगस्ट १९४८पूर्वीची आपली रंगीत कार्टून ‘असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स’ या कंपनीला विकून टाकली. ती युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेली, तिथून एमजीएमकडे आणि तिथून टर्नरकडे. परिणामी दहा वर्षे निम्मा बग्ज बनी टर्नरचा आणि निम्मा वॉर्नरचा होता. पात्र मात्र पूर्णपणे वॉर्नरचे. हा तिढा १९९६च्या विलीनीकरणाने सुटला. या काळाची खूण फिल्मवरच सापडते. टर्नरच्या वाट्याच्या फिल्मच्या शेवटी ‘ही आवृत्ती १९९५, टर्नर एंटरटेनमेंट’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर शेवटची पाटी मूळची नाही, ती नंतर सरसकट सगळ्या फिल्मना एकसारखी लावलेली आहे असे समजावे.

त्याहून मोठे नुकसान आधीच झाले होते. चाळीस आणि पन्नासच्या दशकांत वॉर्नरने जुन्या फिल्म ‘ब्लू रिबन’ या मालिकेत पुन्हा थिएटरला लावल्या. तेव्हा सुरुवातीच्या मूळ पाट्या कापून नव्या जोडल्या. नव्या पाटीवर फिल्मचे नाव असे, पण बहुतेक वेळा दिग्दर्शक, चित्रकार, लेखक, संगीतकार यांची नावे नसत. कात्री मूळ निगेटिव्हवरच चालली, त्यामुळे कित्येक फिल्मची पहिली श्रेयनामावली आज पडद्यावर दिसत नाही. श्रेय एकदा पाटीवरून गेले की ते परत मिळवायला अभ्यासकांना स्टुडिओची कागदपत्रे धुंडाळावी लागतात. वर्तमानपत्रातली ओळ चुकली तर तसेच होते, म्हणून तिचा आम्ही एवढा आग्रह धरतो.

मालकीची ओळ वाचायची सवय लावायला लांब जायला नको. अप्पा बळवंत चौकात किंवा तुळशीबागेत मिळणारे शाळेचे दप्तर, पाण्याची बाटली, कंपासपेटी उलटी करून बघा. माल अधिकृत असेल तर तळाशी किंवा लेबलच्या मागे बारीक अक्षरांत हक्काची ओळ असते. टॉम अँड जेरीच्या वस्तूवर ‘टर्नर एंटरटेनमेंट कंपनी’, स्कूबी डू किंवा फ्लिंटस्टोन्सच्या वस्तूवर ‘हॅना-बार्बेरा’, बग्ज बनीच्या वस्तूवर ‘वॉर्नर ब्रदर्स एंटरटेनमेंट’ असे लिहिलेले असते. घर एकच, पण कायद्याच्या नोंदीत नावे तीन, कारण विकत घेतलेल्या कंपनीचे नाव हक्कधारक म्हणून जिवंत ठेवले जाते. त्याच ओळीत वॉर्नरच्या ढालीच्या चिन्हाचा हक्क वेगळा नोंदवलेला असतो. टॉम अँड जेरीच्या बाटलीवर हक्कधारक म्हणून ‘हॅना-बार्बेरा’ छापलेले असेल किंवा ओळच नसेल, तर माल नकली असण्याची दाट शक्यता आहे.

पाट्या बदलल्या तरी चित्रातला हात बदलत नाही. पुण्यातल्या ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी तरी तो ओळखायला शिकावे. हॅना-बार्बेराने टीव्हीसाठी काम सुरू केले तेव्हा पाच मिनिटांच्या भागाला सुमारे २,७०० डॉलर मिळत. एमजीएममध्ये एका फिल्मला याच्या कितीतरी पट पैसे असत. यावर त्यांनी काढलेली युक्ती योगी अस्वलाच्या गळ्यात दिसते. अस्वलाला कॉलर आणि टाय कशासाठी? कॉलरच्या रेषेवर डोके धडापासून तोडता येते. धडाचे सेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवरचे चित्र, एकदाच काढून कॅमेऱ्याखाली तसेच ठेवायचे आणि वर फक्त डोके किंवा नुसते तोंड बदलायचे. सांधा कॉलरखाली लपतो. हकलबेरी हाउंडचा बो-टाय, फ्रेड फ्लिंटस्टोनचा टाय, विल्माची मण्यांची माळ हे सगळे त्यातूनच आले. ही रूपे बहुतांशी एड बेनेडिक्ट यांनी काढली. पात्र धावू लागले की मागे तेच झाड, तीच खिडकी ठरावीक अंतराने पुन्हा येते, कारण पार्श्वभूमीची एकच लांब पट्टी फिरवलेली असते. आवाजावरून मात्र स्टुडिओ ओळखायला जाऊ नये. पाय गरगर फिरवून धूम ठोकण्याचा तो प्रसिद्ध आवाज ज्या संग्रहातला आहे तो पुढे विक्रीला आला आणि मग कुणीही वापरू लागला.

दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ बघितलेल्यांनी फिल्मेशन स्टुडिओचा हात नकळत ओळखलेला आहे. ही-मॅन धावतो, वळतो, समोर ठोसा मारतो ती दृश्ये खऱ्या माणसाच्या चित्रीकरणावरून रेखून घेतलेली होती आणि भागामागून भाग तीच वापरली जात. फिल्मेशनच्या सत्तरच्या दशकातल्या मालिकांत लू शायमर आणि नॉर्म प्रेस्कॉट या दोन निर्मात्यांची नावे वर्तुळात गोल फिरताना दिसतात. कुणाचेच नाव पहिले येऊ नये म्हणून केलेली ती सोय होती. हा स्टुडिओ १९८९मध्ये विकला गेला आणि बंद झाला. साठा पुढे हात बदलत क्लासिक मीडियाकडे, २०१२मध्ये ड्रीमवर्क्सकडे आणि २०१६मध्ये कॉमकास्टच्या युनिव्हर्सलकडे गेला. ही-मॅन हे पात्र मात्र पहिल्यापासून मॅटेल या खेळणी कंपनीचे आहे. त्यामुळे फिल्मचा साठा कुणीही घेतला तरी ही-मॅनचे चित्र टी-शर्टवर छापायची परवानगी मॅटेलच देणार.

१९६७चा ‘स्पायडर-मॅन’ही असाच नीट पाहण्यासारखा आहे. पहिला हंगाम ग्रँट्रे-लॉरेन्स या स्टुडिओने केला. तो दिवाळखोरीत गेल्यावर पुढचे भाग क्रांत्झ फिल्म्सने राल्फ बक्षी यांच्या देखरेखीखाली केले. पहिल्या हंगामातले शहर साधे, उजेडाचे आहे, तर नंतर आकाश जांभळे-हिरवे आणि गढूळ होते. मालिका एक, शीर्षकगीत एक, पण घर दुसरे.

एकाच स्टुडिओचे काम तारखेनुसार दोन मालकांत विभागले जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते. रँकिन-बास या स्टुडिओची १९७४पूर्वीची कामे, उदाहरणार्थ १९६४चा ‘रुडॉल्फ’, आज युनिव्हर्सलकडे आहेत. नंतरची, उदाहरणार्थ १९८५चे ‘थंडरकॅट्स’, टेलिपिक्चर्स आणि लोरिमार यांच्यामार्गे वॉर्नरकडे गेली. ‘रँकिन-बासचा आजचा मालक’ असे एकच नाव लिहिणारा लेख म्हणूनच निम्मा चुकतो. पिंक पँथरचे दिपॅटी-फ्रेलेंग घ्या. स्टुडिओ १९८१मध्ये मार्व्हलकडे गेला, गुलाबी चित्ता युनायटेड आर्टिस्ट्सबरोबर एमजीएमकडे गेला आणि २०२२मध्ये एमजीएमबरोबर ॲमेझॉनकडे गेला. पोपायमध्ये तर पात्र किंग फीचर्स या वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीचे, १९३३ ते ५७च्या फिल्म पॅरामाउंटकडून फिरत फिरत वॉर्नरकडे आणि १९७८ची टीव्ही मालिका हॅना-बार्बेराने काढलेली. १९२९च्या चित्रपट्टीतला मूळ पोपाय १ जानेवारी २०२५पासून अमेरिकेत कॉपीराइटमधून मुक्त झाला, पण त्यामुळे नंतरच्या फिल्म आपोआप मोकळ्या होत नाहीत.

जुन्या प्रती तपासणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘आमच्या लहानपणीचा भाग जास्त लांब होता, आता कापतात’ अशी तक्रार बरेच जण करतात. आधी घड्याळ लावून बघा. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची असते. आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत २५ चौकटींची आहे आणि त्यासाठी फिल्म किंचित वेगाने चालवली जाते. २२ मिनिटांचा भाग त्यामुळे सुमारे ५३ सेकंदांनी आखूड होतो आणि आवाज थोडा वर चढतो. फरक बरोबर पंचविसाव्या भागाइतका असेल तर काहीच कापलेले नाही. लांबी मूळचीच, पण वेगवान हालचालीत दोन चित्रे एकमेकांत मिसळल्यासारखी दिसत असतील, तर ती प्रत अमेरिकी पद्धतीच्या टेपवरून उतरवलेली आहे. कात्री लागलेली असेल तर संगीतात उडी ऐकू येते. तिथे कान द्यावा.

पुणेकरांना हा विषय परका वाटू नये. प्रभातने १९३४मध्येच ‘जंबू काका’ हे छोटे कार्टून काढले होते. प्रभातची जागा १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूटकडे आहे, पण म्हणून तिथे तयार झालेले ‘संत तुकाराम’ इन्स्टिट्यूटची निर्मिती आहे असे कुणी लिहीत नाही. तुतारी फुंकणारी ती स्त्री पडद्यावर आली की आपण प्रभातच म्हणतो. जानेवारी २००३मध्ये तिथल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या मूळ प्रती जळाल्या. कुणी काय केले याची लेखी, अचूक नोंद का हवी, हे पुण्यापेक्षा चांगले कोण जाणते? तीच शिस्त हॉलिवूडच्या कार्टूनबाबतही पाळावी.

आता वापराबद्दल, कारण चुकीच्या ओळीचा खरा फटका इथे बसतो. भारतीय कायद्यानुसार फिल्मचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षांचा असतो. यावरून ‘साठच्या दशकातली कार्टून आता फुकट’ असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. पात्राचे रेखाटन ही स्वतंत्र कलाकृती धरली जाते आणि तिथे साठ वर्षे चित्रकाराच्या मृत्यूनंतर मोजतात. बेनेडिक्ट आणि बार्बेरा दोघेही २००६मध्ये वारले. त्याखेरीज ट्रेडमार्क असतो. तो दर दहा वर्षांनी शुल्क भरून कितीही वेळा वाढवता येतो. गणेश मंडळाने देखाव्यासाठी किंवा दुकानदाराने फ्लेक्ससाठी फ्रेड फ्लिंटस्टोन वापरताना फिल्मचे वय बघून भागत नाही.

शाळांना मात्र चांगली सवलत आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये, प्रेक्षक फक्त त्या शाळेचे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित माणसे असतील, तर संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून फिल्म दाखवण्याची मुभा आहे. बाहेरच्यांना तिकीट लावून किंवा खुले आमंत्रण देऊन बोलावले की ती मुभा संपते. सोसायटीच्या गच्चीवरचा किंवा मंडळाच्या मांडवातला खेळ या सवलतीत बसत नाही. हौशी मंडळांना विनामूल्य प्रयोगाची जी वेगळी सूट आहे ती नाटक, साहित्य आणि संगीत यांना आहे, फिल्मला नाही. परवानगी मागायची तर आधी त्या विशिष्ट भागाच्या शेवटची पाटी थांबवून कंपनीचे नाव आणि रोमन अंकांतले वर्ष उतरवून घ्यावे, मग ती कंपनी पुढे कुणी घेतली ते शोधावे आणि पत्रात मालिका, भाग, वर्ष, जागा, प्रेक्षकसंख्या आणि तारीख लिहावी. नुसते ‘कार्टून नेटवर्क’ला पत्र लिहिले तर ‘रुडॉल्फ’ची परवानगी मिळणार नाही, कारण ती त्यांच्या हातातच नाही.

आपल्या पुरवणीला आमची विनंती एवढीच की जुन्या कार्टूनच्या चित्राखाली आणि चौकटीत निर्माता, फिल्मचा आजचा हक्कधारक आणि पात्राचा हक्कधारक ही माहिती वेगवेगळी द्यावी आणि दिग्दर्शकाचे नाव वगळू नये. जागा फार लागत नाही. उदाहरणार्थ: ‘टॉम अँड जेरी, १९४०–५८. दिग्दर्शन विल्यम हॅना, जोसेफ बार्बेरा. निर्मिती एमजीएम. फिल्म आणि पात्रांचे हक्क टर्नर एंटरटेनमेंट (वॉर्नर ब्रदर्स).’ वॉर्नरची मालकी उद्या बदलली तर फक्त कंसातले नाव बदलावे लागेल.

आपले,
जुन्या ॲनिमेशनचे अभ्यासक असलेले काही वाचक,
पुणे